तिकिटाचं बॅलन्सिंग

शुक्रवार, २ जानेवारी. सकाळी ७.१०

वही कालच सुरू करणार होतो. पण एक तारखेला सगळेच सुरू करतात आणि चार तारखेला बंद करतात. आपण दोन तारखेचे.

यंदा संकल्प एकच. खाडीकिनारा मराठी मंडळ, दोहा, याचा अध्यक्ष व्हायचं.

मोठेपणाची हौस म्हणून नाही. फळ्यासाठी. मंडळाच्या अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या नावांचा सागवानी फळा आहे, दर वर्षाची एक पितळी पट्टी. २०१५ साली मीच करून दिला. प्रत्येक कार्यक्रमाला तो माझ्या पिकअपमधून जातो, स्टेजच्या डाव्या अंगाला उभा राहतो आणि माझ्याच पिकअपमधून परत येतो. अकरा पट्ट्या झाल्या. अकरा वर्षं मी दुसऱ्यांची नावं चिंच लावून घासतोय.

पहिल्याच वर्षीच्या अध्यक्षांना पट्टीवर डॉक्टर, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि कंसात गाव एवढं सगळं हवं होतं. दोन पट्ट्या खाल्ल्या असत्या. मी ताबडतोब ठराव आणला: पट्टीवर नाव आणि आडनाव, बस्स. एकमताने पास. त्यांचा चेहरा आठवला की अजून बरं वाटतं.

बार्शीहून आलो तेव्हा एसी हेल्पर होतो. हेल्पर म्हणजे शिडी धरणारा. आज चार व्हॅन, सव्वीस माणसं आणि मुऐदरला भाड्याचा का होईना, व्हिला. हे सगळं कानांवर कमावलं. नुसत्या आवाजावरून सांगतो, कॉम्प्रेसर किती दिवसांचा सोबती आहे ते. माणसांचंही सांगतो.

एक सवय आहे. लिहिताना मोठ्याने म्हणत लिहितो. गुरुजींनी शुद्धलेखन असंच शिकवलं. कानाला पटल्याशिवाय लिहिलेलं खरं वाटत नाही. वरच्या ऑफिसखोलीचं दार लावून बसतो, त्यामुळे कुणाला त्रास नाही.

आज थालीपीठ खावंसं वाटतंय. असो. राजकारणात पडल्यावर जिभेचे लाड बंद.

७.५०. खाली गेलो तर थालीपीठ! वर लोण्याचा गोळा. बावीस वर्षांचा संसार. न बोलता कळतं.

रविवार, ४ जानेवारी. दुपारी ३

मंडळाचा मेल आला. पूर्णिमाला. मंडळाचं सगळं तिच्याच मेलवर आणि तिच्याच मोबाईलवर येतं. माझी सेक्रेटरीच म्हणा. दोन वाजेपर्यंत ती क्लिनिकच्या रिसेप्शनवर असते, नंतर माझ्याकडे.

तिने वाचून दाखवलं. निवडणूक ६ फेब्रुवारीला, रमजानच्या आधी. एका कार्डाला एक मत, मग ते अख्ख्या कुटुंबाचं कार्ड असो की कॅम्पमधल्या एकट्या गड्याचं. आणि यंदापासून अध्यक्ष-उपाध्यक्षांनी जोडीनेच उभं राहायचं. एक तिकीट, एक क्लिक. गेल्या वर्षी दोघं दोन गटांचे निवडून आले, वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत आणि हळदीकुंकू एकाच दिवशी दोन हॉलमध्ये झालं. बायकांनी दोन्हीकडचं वाण लुटलं, त्यामुळे तक्रार आली नाही, पण शोभा झाली.

पूर्णिमा म्हणाली, अहो, सातवा मुद्दा तेवढा स्वतः वाचा, कार्डाबद्दल आहे. म्हटलं, कार्ड आहे की आपलं, नंबर २१२. पुढे?

पुढे म्हणजे समोर देवव्रत उभा राहणार.

देवव्रत. दुखानला तेल कंपनीत मोठा इंजिनियर. कंपनीच्या कॉलनीत राहतो. प्रत्येक कार्यक्रमाला ऐंशी किलोमीटर गाडी चालवत येतो आणि उतरतो तेव्हा कुर्त्याला एक सुरकुती नसते. उभ्याने चालवतो की काय? वर गातो. गणपतीत त्याने सूर लावला आणि सगळ्या बायकांचे मोबाईल वर गेले. पूर्णिमाचाही. तीन मिनिटं चाळीस सेकंद. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाचा तिने काढलेला व्हिडिओ परत बघितला. एकोणीस सेकंद. त्यातले अकरा सेकंद केक.

मला कुणाचा हेवा वाटत नाही. फक्त नोंद ठेवतो.

सोमवार, ५ जानेवारी. दुपारी २.३०

थंडीत एसीचा धंदा झोपलेला असतो. विचाराला वेळ मिळतो.

सेंट्रल एसीत प्रत्येक खोलीच्या वाटेवर एक झडप असते, डॅम्पर. हॉल गार व्हायला हवा तर बाजूच्या खोल्यांचे डॅम्पर थोडे मिटून घ्यायचे. याला आमच्यात बॅलन्सिंग म्हणतात. नवशिका सगळे डॅम्पर सताड उघडे ठेवतो आणि हॉलमधला साहेब घामाघूम होतो.

तिकिटाचंही तेच. मी म्हणजे हॉल. जोडीदाराने माझी उणीव भरायची, पण हवा खायची नाही.

माझ्या उणिवा प्रामाणिकपणे लिहून काढल्या. एक, मी देशावरचा, कोकणातला नाही. दोन, कुटुंबवाला, त्यामुळे कॅम्पातली मतं लांब. तीन, बाई नाही. चौथी बराच वेळ आठवली नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी. संध्याकाळी ६

पहिलं नाव: विभावरी. मुऐदरमध्येच आमच्या मागच्या गल्लीत मुलांचा मराठी वर्ग चालवते. चाळीस मुलं. म्हणजे चाळीस घरं. म्हणजे चाळीस कार्डं. हिशेब सरळ होता.

तिच्या वर्गाचं स्नेहसंमेलन होतं, म्हणून बघायला गेलो. इथली मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. हिने त्यांच्याकडून अख्खी नाटुकली मराठीत करून घेतली. शेवटी ती स्टेजवर आली आणि टाळ्या सुरू झाल्या. घड्याळ लावलं. एकतीस सेकंद. माझ्या शेजारचा गृहस्थ तर उभा राहिला. नंतर म्हणतो कसा, गव्हाणेसाहेब, हिला अध्यक्ष करा, मंडळ सुधारेल.

विभावरी रद्द. बाईंना वर्गाचा व्याप आहे. त्यांच्यावर अजून भार टाकणं माणुसकीला धरून नाही.

शनिवार, १० जानेवारी. दुपारी ४

दुसरं नाव: श्रेयस. आयटीतला तरुण मुलगा. पोस्टर बनवून बघितलं, मी डावीकडे, तो उजवीकडे. नुपूरला दाखवलं. माझी मुलगी दहावीत आहे, डिझाईनची जाण आहे तिला. म्हणाली, पप्पा, यू लुक लाईक हिज ड्रायव्हर.

श्रेयस रद्द. सहा फूट माणूस उपाध्यक्षपदाच्या खुर्चीत मावत नाही.

रविवार, ११ जानेवारी. दुपारी ३.२०

आज मोठी बातमी हाती लागली. कशी, ते इथेच लिहितो. कुणाला सांगण्यासारखं नाही.

या घरातला डक्ट, म्हणजे हवेची पत्र्याची नळी, मीच फिरवलेला. पत्रा वाचावा म्हणून खालचं स्वयंपाकघर आणि वरची ही खोली एकाच लाईनवर घेतली. उन्हाळ्यात ब्लोअरच्या घरघरीत काही कळत नाही. पण थंडीत ब्लोअर बंद. मग टेबलावरच्या जाळीतून खालचं सगळं स्वच्छ येतं. चमचा पडला तर स्टीलचा की लाकडी तेही. घरात कुणाला पत्ता नाही. एसीतलं कळणारा माणूस एकच.

तर आज जाळीतून देवव्रत बोलला! पूर्णिमाने फोन स्पीकरवर टाकला होता. तो सांगत होता, वहिनी, माझ्या जोडीला गव्हाणे हे नाव पाहिजे, कार्ड २१२ माझ्या तिकिटावर आलं तर निवडणूक घ्यायलाच नको. पूर्णिमा म्हणाली, नाही हो, असं कसं करू, इथे घरात कुणाचं तरी मन मोडेल. तो म्हणाला, एकदा विचार तर करा. ती म्हणाली, विचार केला, नाही.

घाबरला! दुखानचा कोकिळ घाबरला. मला उपाध्यक्ष करून गप्प बसवायला बघतोय. तेही सरळ विचारायची हिंमत नाही, बायकोतर्फे. आणि पूर्णिमा बघा. मला विचारलंसुद्धा नाही, परस्पर नकार. तिला माहीत आहे, माझा नवरा दुसऱ्या नंबरचा माणूस नाही.

बायकोच्या गणपतीतल्या व्हिडिओचा गुन्हा आजपासून माफ. निम्मा माफ.

बुधवार, १४ जानेवारी. संध्याकाळी ५

संक्रांत. पूर्णिमा तिळगूळ देता देता म्हणाली, अहो, सातव्या मुद्द्याची उद्या शेवटची तारीख आहे, एक फॉर्म भरायचाय, दोन मिनिटं बसता का? म्हटलं, आजच्या दिवशी तरी कटकट नको, तिळगूळ घे, गोड बोल. तिने माझ्याकडे बघितलं आणि लाडू स्वतःच्याच तोंडात टाकला.

शुक्रवार, १६ जानेवारी. संध्याकाळी ७

सापडला!

मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. फळा उतरवायला एक माणूस न सांगता पुढे आला. कासम परकार. मूळचा हर्णैचा. बिरकत अल अवामेरला एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पात स्टोअरकीपर. दर कार्यक्रमाला कॅम्पातल्या पोरांची बस तोच घेऊन येतो. पन्नाशीचा, एकटा राहतो, बायको हजरा गावी.

मी त्याच्याशी अर्धा तास बोललो. म्हणजे मी बोललो. तो दोनच शब्द म्हणाला: "बरा" आणि "बघू". "बरं" नाही, "बरा". कोकणी माणूस. मी मंडळाच्या भवितव्याबद्दल सांगितलं. बरा. माझ्या संघर्षाबद्दल सांगितलं. बरा. उपाध्यक्ष होणार का विचारलं. बघू.

कोकण आलं. कॅम्प आला. मंडळात हिंदू-मुसलमान सगळे आपलेच, हे भाषणात म्हणणारे अकरा होऊन गेले, तिकिटावर दाखवणारा मी पहिला. आणि डॅम्पर तर जन्मापासून मिटलेला! याच्यासाठी टाळ्या कोण वाजवणार? बोललं तर वाजवतील ना.

बाईची उणीव राहिली. चालायचंच. शंभर टक्के बॅलन्स जगात कुठल्याच डक्टचा होत नाही.

रविवार, १८ जानेवारी. दुपारी ३.१५

कासम होकार द्यायला घरी आलाय. पूर्णिमाने त्याला स्वयंपाकघरातच चहाला बसवलं. मी म्हटलं, पाच मिनिटांत आलो, आणि वर येऊन आधी हे लिहून काढतोय.

माणूस गुणी. फक्त तो चॉकलेटी शर्ट. डक्टला गुंडाळायचं जुनं इन्सुलेशन दिसतं. पोस्टरवर चालणार नाही. पण तोंडावर कसं सांगायचं? गरिबाचं मन दुखेल. हळूहळू सुचवू.

मंगळवार, २० जानेवारी. दुपारी २.४५

कासम सकाळी सहीसाठी ऑफिसात आला. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री! मी काहीच बोललो नव्हतो. माझ्या सहवासाचा परिणाम. नेतृत्व म्हणजे हेच, न बोलता पोचतं.

आज संध्याकाळी कॅम्पात प्रचार.

बुधवार, २१ जानेवारी. सकाळी ६.३०

नीट झोप नाही. कालचं लिहितो.

कॅम्पाच्या मेसमध्ये सत्तरेक पोरं जमली होती. रत्नागिरी, रायगड, आमच्या सोलापूरकडचेही. मी बावीस मिनिटं बोललो. शिडी धरण्यापासून चार व्हॅनपर्यंत. पोरं शांत ऐकत होती. इतकी शांत की दोघांना हलवून उठवावं लागलं.

मग कासम उभा राहिला. मी म्हटलं, राहू दे, तू नको त्रास घेऊ. तो म्हणाला, बरा, आणि तरी बोलला. म्हणाला, निकालाच्या दिवशी गाडी चारला गेटवर. कोण आजारी असेल त्यानं आधी सांगायचा, डबा खोलीवर येईल. नंदूशेट (म्हणजे मी) चांगला माणूस आहे, मनाला लावून घेऊ नका.

शिट्ट्या. थाळ्या बडवल्या. कासमभाई, कासमभाई. एका पोराने सांगितलं, त्याला अपेंडिक्स झालं तेव्हा कासमभाई तीन दिवस दवाखान्यात खुर्चीवर बसून होता. दुसऱ्याने सांगितलं, त्याचा बाप गेला तेव्हा तिकीट मिळेपर्यंत कासमभाईने त्याला एकटं सोडलं नाही. असे अकरा जण सांगून गेले. मला! जसं काही मी विचारलं होतं.

टाळ्या मोजल्या नाहीत. थाळीचा आवाज वेगळा असतो, मोजमापात बसत नाही.

आणि "मनाला लावून घेऊ नका" म्हणजे काय? कशाला?

एवढी माणसं असताना हा गप्प का बसतो? गप्प बसायचं नि आतून लोकप्रिय व्हायचं. ही फसवणूक आहे. बंद डॅम्परमागे एवढी हवा असेल असं कुठल्या ड्रॉईंगवर दाखवलेलं नसतं.

तिकिटावरून काढायचा विचार केला. पण पोस्टर छापून झालंय.

गुरुवार, २२ जानेवारी. दुपारी ३

विजयाचं भाषण आज पाठ केलं. सात वेळा, मोठ्याने, दार लावून. सुरुवात ठरली: "मित्रहो, हा फळा मी अकरा वर्षं वाहिला. आज तो मला वाहतोय." इथे थांबायचं. तीन श्वास. मग डोळे पुसायचे, डावा आधी.

खाली उतरलो तर नुपूर म्हणाली, पप्पा, थ्री ब्रेथ्स इज टू लाँग. मी चमकलो. मग लक्षात आलं, योगाच्या क्लासबद्दल म्हणत असेल.

शुक्रवार, २३ जानेवारी. संध्याकाळी ६.३०

सावकाश लिहितो.

अर्ज भरायची मुदत चार वाजेपर्यंत. मी पावणेचारला मंडळाच्या खोलीत पोचलो, कारण मोठी माणसं शेवटी येतात. मी, कासम आणि पूर्णिमा. तिला फोटो काढायला नेलं होतं. देवव्रतचा अर्ज सकाळीच आला होता, जोडीला श्रेयस. मला हसू आलं. मी टाकलेला माल उचलला.

निवडणूक अधिकारी देवीदास. जन्मभर बंदरात कस्टम क्लिअरन्सचे कागद तपासत आलेला माणूस, बारशाची पत्रिकासुद्धा दोन्ही बाजूंनी वाचतो. त्याने माझा अर्ज वाचला. यादी काढली. चष्मा पुसला. पुन्हा यादी वाचली. म्हणाला, नंदूशेट, कार्ड २१२ चे मुख्य सभासद पूर्णिमा गव्हाणे आहेत. तुम्ही सहसभासद. उभं राहायचा आणि मत द्यायचा हक्क फक्त मुख्य सभासदाला.

मी हसलो. म्हटलं, देवीदास, अहो, गेली सतरा वर्षं मी मत देतोय. तो म्हणाला, आठवा, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो?

आठवलं. २००९ साली सभासद झालो तेव्हा मी दुखानला शटडाऊनच्या कामावर चाळीस दिवस अडकलो होतो. पूर्णिमाने फोन केला होता, फॉर्मवर मुख्य नाव कोणाचं घालू? मी म्हटलं होतं, तुझंच घाल, असली किरकोळ कामं मला विचारू नकोस.

आणि सातवा मुद्दा हाच. मुख्य सभासद बदलायचा असल्यास १५ जानेवारीपर्यंत फॉर्म भरावा. देवीदासने मोठ्याने वाचला. फार सुरेख वाचतो तो.

घड्याळात तीन बावन्न झाले. देवीदास म्हणाला, जोडी वैध आहे, कार्ड वैध आहे, चुकलंय ते नाव. मुख्य सभासद इथेच आहेत. त्यांनी चारच्या आत नाव दुरुस्त करून सही केली तर अर्ज राहील. नाहीतर देवव्रत बिनविरोध.

कासम माझ्याकडे बघेना. खिडकीकडे बघत म्हणाला, नंदूशेट, तुम्ही सांगाल तसा.

पूर्णिमाने पर्समधून पेन काढलं. टोपण काढलं नाही. म्हणाली, करू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. देवव्रतनाही नाहीच म्हणाले मी.

तेव्हा कळलं, देवव्रतला कुठलं गव्हाणे हवं होतं.

बारा दिवस मी त्या फोनवर खुशीत होतो. माझ्या नावावर. माझ्याच खुर्चीत बसून.

देवव्रत तिला बघू शकला आणि मी उणिवांची यादी करताना "बाई नाही" असं लिहून पुढे गेलो. या गोष्टीचा राग देवव्रतवरच काढायचा असं ठरवलंय.

तीन सत्तावन्नला मी म्हटलं, कर.

सोमवार, २६ जानेवारी. दुपारी २.२०

डोकं थंड झालं. नीट विचार केला तर हे बरंच झालं. सही तिची, धोरण माझं. रिमोट कोणाच्या हातात आहे याला महत्त्व, मशीन भिंतीवर कोणाचंही असो.

पोस्टर नवं. माझ्या जागी ती. कासमच्या शेजारी ती ड्रायव्हरीण वाटत नाही, हे मान्य करावं लागतं. विभावरी आपणहून आली आणि चाळीस घरांचं मी बघते म्हणाली. मला कधी म्हणाली नाही.

म्हणजे देश आला, कोकण आलं, कॅम्प आला, बायका आल्या. संपूर्ण बॅलन्स! आणि त्यासाठी एकच खोली बंद करावी लागली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. दुपारी १२.४०

मतदान. जेवताना पूर्णिमाच्या मोबाईलवर ओटीपी आला. दर वर्षी ती मला आकडा वाचून दाखवते, मी क्लिक करतो. आज तिने आकडा मनात वाचला, क्लिक केलं आणि कोशिंबीर पुढे सरकवली.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ९

जिंकलो! पूर्णिमा-कासम १४१. देवव्रत-श्रेयस ११८. माझ्या बावीस मिनिटांच्या भाषणाची फळं.

काल रात्री निकालानंतर देवव्रतने स्टेजवर येऊन तिचं अभिनंदन केलं, हरलेल्या माणसाला शोभणार नाही इतक्या चांगल्या शब्दांत. कुर्त्याला सुरकुती नाही.

मग पूर्णिमा बोलायला उभी राहिली. म्हणाली, "मित्रहो, हा फळा माझ्या घरच्या माणसाने अकरा वर्षं वाहिला." थांबली. एकच श्वास. "त्यांच्यासाठी आधी टाळ्या होऊन जाऊ द्या." मग टाळ्या झाल्या. कॅम्पाच्या पोरांकडे थाळ्या नव्हत्या, त्यांनी खुर्च्या बडवल्या.

चौतीस सेकंद. माझ्यासाठी. पण तिच्या सांगण्यावरून, त्यामुळे कोणाच्या खात्यावर धरायच्या ते ठरत नाही.

आणि वाक्य माझं! मी कुणालाही दाखवलं नव्हतं. बावीस वर्षांचा संसार. न बोलता कळतं.

रविवार, ८ फेब्रुवारी. दुपारी ३.१०

खाली कासम आलाय. नवे अध्यक्ष-उपाध्यक्ष स्वयंपाकघरात बसून वर्षाचे कार्यक्रम ठरवताहेत. मला बोलावलं होतं. म्हटलं, तुम्ही चालू करा, मी महत्त्वाच्या कामात आहे.

महत्त्वाचं काम म्हणजे बारावी पट्टी. मजकूर उद्या कोरणाऱ्याकडे पाठवायचाय. सकाळपासून कागदावर लिहून बघतोय आणि एक गोष्ट लक्षात आली. तिचं पूर्ण नाव काय? पूर्णिमा नंदकुमार गव्हाणे. मधोमध कोण? मी! डावीकडे ती, उजवीकडे आडनाव, तेही माझंच. हॉल मध्येच असतो. खोल्या आजूबाजूला. देवव्रतला जन्मात जमणार नाही असं बॅलन्सिंग. अकरा वर्षं घासलं, बाराव्या वर्षी नंदकुमार पितळेत उतरणार आणि कुणाला हरकतही घेता येणार नाही, कारण बाई नाव लावते नवऱ्याचं, त्याला कोण काय

जाळीतून पूर्णिमाचा आवाज आला. शांत, स्वच्छ, भांड्याचा आवाजसुद्धा मध्ये नाही. "अहो, मधलं नाव बसत नाही पट्टीवर. ठराव तुमचाच आहे."

डक्टला तोंडं दोन असतात. तीस वर्षं हाच धंदा करतोय.

थालीपीठ. शर्ट. तीन श्वास. मनाला लावून घेऊ नका.

हे आता ओठ मिटून लिहितोय. कानाला काहीच पटत नाहीये.

खालून कासमचा आवाज. "काय झाला, वहिनी? थांबले?"